मोहोराखालची पिन

मंगळवार, १७ फेब्रुवारी

शुक्रवारच्या नोंदीत चूक आहे. ते पान खोडत नाही, दुरुस्ती इथे करते.

तिथे मी लिहिलंय: "ट्रॉलीची पिन दुपारी अंगणात मिळाली. पहाटे किसनदादाच्या हातून पडली आणि त्याने शोधली नाही." पहिलं वाक्य खरं. दुसरं मी पाहिलेलं नाही. मी झोपले होते.

पुन्हा लिहिते, जसं झालं तसं.

गुरुवारी संध्याकाळी गारा पडल्या. मी गोडाऊनला होते, दुसऱ्या शिफ्टला. पत्र्यावर एवढा आवाज, की सुपरवायझर हातवारे करून बोलत होता. घरी आले तेव्हा सगळं थांबलं होतं, लाईट नव्हती. पन्हळीखाली गारांचा ढीग तसाच पांढरा. आंब्याचा मोहोर सगळा खाली. आई म्हणाली, "मिठागर झालं होतं गं अंगणाचं." मी जेवले, झोपले.

शुक्रवारी पहाटे किसनदादा, आमचा ट्रॅक्टर चालवणारा, आला. शेतात गवताच्या दोन गंज्या अजून उभ्या, वरून भिजलेल्या. पुन्हा पाऊस यायच्या आत गवत पडघ्याच्या वखारीत टाकायचं होतं. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडायची पिन आमच्या पडवीत खुंटीला असते. बाहेर ठेवली तर भंगारवाले नेतात. किसनदादाने पडवीतून हाक मारली, "भाऊ, पिन न्हाय." भाऊ अंथरुणातून म्हणाले, "असेल तिथंच, बघ." (हे मला भाऊंनीच सांगितलं. माझे वडील निदान एवढं तरी लपवत नाहीत.) मग त्याने पिनेच्या जागी सळईचा तुकडा घातला, वरून तार पिळली आणि गेला.

गवत भरून येताना ओढ्याच्या चढावर सळई वाकली, निसटली. भरलेली ट्रॉली मागे जाऊन बांधावर आडवी झाली. गवतावर वनितावहिनी बसली होती, किसनदादाची भावजय. तिचा हात मोडला.

संध्याकाळी (मी त्या दिवशी शिफ्टला गेले नव्हते) वनितावहिनीचा नवरा रमेश, म्हणजे किसनदादाचा धाकटा भाऊ, पाड्यावरची माणसं घेऊन आमच्याकडे आला. किसनदादा सांगत होता, पिन खुंटीवर नव्हती. रमेशने मला विचारलं, "पिन कुठं गावली?" मी म्हणाले, "अंगणात. हातातून पडली असणार." मागून कुणीतरी म्हणालं, "झाला मग. आदल्या दिशीची उतरली नसंल." किसनदादाने माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून रमेश भावाशी बोलत नाही. भाऊंनीही किसनदादाकडून ट्रॅक्टरची किल्ली काढून घेतली.

आता चूक. पिन मला मिळालेलीच नाही. आई अंगण झाडत होती. मोहोराचा ढीग ओढताना खराट्याला लोखंड लागलं, तिने मला हाक मारली. पिन मोहोराच्या खाली होती, ओल्या मातीत रुतलेली. मोहोर पडला गुरुवारी. पिन शुक्रवारी पडली असती तर मोहोराच्या वर असती.

आईला आज पुन्हा विचारलं. "खालीच होती. वर असती तर मला दिसली नसती का? मी आंधळी आहे?"

मागाहून वाऱ्याने मोहोर पडला असेल?

"कसला वारा. पान हलत नव्हतं."

म्हणजे किसनदादा यायच्या आधीच पिन अंगणात होती.


बुधवार, १८ फेब्रुवारी

गारांनंतर थंडी परत आली. पहाटे तोंडातून वाफ निघते. वालाच्या शेंगा जिथे मार बसला तिथे काळ्या पडल्यात. आई सोलता सोलता अर्ध्या टाकून देते.

भाऊ आज स्वतः ट्रॅक्टर चालू करायला गेले. ट्रॅक्टर माझ्यापेक्षा वयाने मोठा. बॅटरी धरत नाही म्हणून कायम विहारासमोरच्या उतारावर उभा असतो, चाकाखाली दगड. दगड काढायचा, घरंगळू द्यायचा, मग गिअर. थंडीत त्याआधी रेडिएटरला गरम पाणी. आईने दोन पातेली तापवून दिली. ट्रॅक्टर घरंगळत खालच्या वळणापर्यंत गेला आणि धूर न काढता उभा राहिला. भाऊंचा डावा गुडघा क्लच दाबू देत नाही. दाबला तर सोडता येत नाही.

आई: "दोघंही गुडघ्यात गेलेत."

भाऊ हसले नाहीत. आता ट्रॅक्टर खालीच आहे, सपाटीवर, म्हणजे ढकलल्याशिवाय चालू होणारच नाही. गंज्या शेतातच. वखारीतून फोन येतात.

गुरुवारी संध्याकाळी घरी कोण होतं? आईभाऊ शेतात, गंजीवर ताडपत्री धरून बसलेले. मी कामावर. आत्या घरी.




शुक्रवार, २० फेब्रुवारी

सकाळी पाड्यावर गेले, वनितावहिनीला बघायला. डबा नेला. हाताला प्लास्टर, त्यावर पोरांनी पेनाने कोंबडा काढलेला. म्हणाली, "बघ, मोबाईल न्हाय तरी वॉलपेपर हाय." पडली तेव्हा अंगावर गवत आलं म्हणून वाचली. "गवतानं मारली न गवतानंच धरली." मग हळूच, रमेश बाहेर आहे का ते बघून: "भाऊजी पिऊन न्हवता गं. मी बाजूला बसून गेलती जाताना. वास असता त मला आला असता."

मग तू रमेशदादाला सांगत का नाहीस?

"सांगला. तो बोलतो, तू त्याचीच बाजू घेनार, तो तुला ताडी आनून देतं." हे खरं आहे की नाही ते मी विचारलं नाही.

रमेशला शुक्रवारची सुट्टी. धामणकर नाक्याजवळ पॉवरलूमवर कामाला आहे, बाकीचे दिवस तिकडेच झोपतो. दारात जाळं विणत बसला होता. मी "येते" म्हटलं तर मान हलवली फक्त. त्याला सांगायला तोंड उघडलं होतं. काय सांगणार होते? पिन खाली होती की वर?

किसनदादाचं घर चार पावलांवर. दोन्ही घरांचं अंगण एकच, मधे आता लाकडं रचून ठेवली आहेत. संगीतावहिनी (किसनदादाची बायको) गोधड्या बांधत होती. वीटभट्टीचा मुकादम येऊन गेला. वाड्याच्या पुढे कुठेतरी भट्टी आहे, तिथली एक जोडी आजारी पडून परतली, तिच्या जागी ही दोघं. रविवारी, १ मार्चला टेम्पो येणार. मुलीला, मनीषालाही बरोबर नेणार. सातवीत आहे, परीक्षा एप्रिलमध्ये.

शिमग्याला माणसं भट्टीवरून घरी येतात. ही शिमग्याच्या तोंडावर जाणार. किसनदादा इतक्या वर्षांत एकदाही भट्टीवर गेला नाही, ट्रॅक्टर होता म्हणून. "आमचा मानूस डायवर हाय," असं संगीतावहिनी बाजारात सांगायची. आज ती माझ्याशी नीट बोलली, चहा दिला. तेच वाईट वाटलं.


रविवार, २२ फेब्रुवारी

विहारात वंदना. नेहमीप्रमाणे आत्याने घेतली. मधे एका ओळीवर थांबली. सगळे थांबले. मग पुढे म्हणाली. बायकांना वाटलं थंडीने आवाज बसला.

नळावर मथुराकाकी भेटली. आमच्या शेजारची. भांडी घासता घासता गारांच्याच गोष्टी, अजून संपत नाहीत कुणाच्या. तिच्या नातवाने गारा साखर घालून खाल्ल्या आणि आता खोकतो.

"आमी त कोयता टाकला अंगनात. लोखांड टाकला का गारा थांबतात. तुजी आत्या मला काय काय बोल्लेली हाय त्या कोयत्यावरना. अडानी बोल्लेली." हसली. "न त्या दिशी तुमच्या अंगनात ठन्‌ करून वाजला. मी बोल्ली, बाईनी पन टाकला वाटतं."

मी म्हणाले, पत्रा पडला असेल काकी.

"पत्रा खडखडतं. ह्यो ठनकला."

"कधी?"

"गारा जोरात व्हत्या तवा. मंग काय. माज्या कोयत्यानं थांबल्या का तिच्या ठनक्यानं, कोनाला म्हाईत." पुन्हा हसली. तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पण ही गोष्ट ती उद्या दुसऱ्या कुणालाही अशीच हसत सांगेल.

घागर भरून वाहायला लागली तरी मी तिथेच.


सोमवार, २३ फेब्रुवारी

लहानपणी मला दमा होता. आठ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. आत्याने घरी शिकवलं. ती बालवाडीची बाई, दुपारी घरी यायची, मला पडवीत बसवायची. पाटीच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे पाहिलेलं लिही, उजवीकडे वाटलेलं लिही. "कावळा बसला" डावीकडे. "पाहुणे येणार" उजवीकडे, आणि तिथेही तिची भुवई वर. लग्न झालेलं मोडून परत आली तेव्हा ती माझ्या आताच्या वयाची होती. तेव्हापासून गावातलं सगळं तिने अंगावर घेतलं. साप चावलेल्याला भगताकडे नेत होते तर रिक्षाच्या आडवी उभी राहिली. दारावरच्या लिंबूमिरच्या ओढून काढायची, म्हणून निम्म्या गावाने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. त्याच गावात आता तिला सगळे बाई म्हणतात. भाऊसुद्धा कधीकधी.

आज आई बाजाराला गेली होती. आत्या पडवीत मोड आलेले वाल सोलत होती. मी समोर बसले, सोलायला लागले. मग तीच म्हणाली, "विचार."

"पिन तू टाकलीस का? गारा पडत होत्या तेव्हा?"

"हो."

हात थांबले नाहीत तिचे. साल एकीकडे, दाणा एकीकडे.

"का?"

"तुझे आईबाप उघड्यावर होते. डोक्यावर फक्त ताडपत्री. इथे पत्र्यावर दगड पडत होते. मी दारात उभी होते. हात खुंटीकडे गेला." थोड्या वेळाने, "माझी आई विळा टाकायची. मी लहान असताना. पन्नास वर्षांत मला ते आठवलंसुद्धा नव्हतं."

मी: "आणि थांबल्या?"

"थांबणारच होत्या." मग जरा हसू. "पण थांबल्या तेव्हा मला वाटलं बरं झालं टाकली. हेही लिही."

उचलायला गेली होती. अंधार, मोहोराचा चिखल, लाईट नाही. म्हणाली सकाळी उचलू. सकाळी उठली तेव्हा ट्रॅक्टर गेलेला. तेव्हाही तिला वाटलं, किसन अंगणातून आला, त्याला दिसली असेल, घेऊन गेला असेल. तासाभराने ओरडा ऐकू आला.

"मग संध्याकाळी का नाही बोललीस? रमेशदादा उभा होता."

या वेळी हात थांबले.

"बोलणार होते. तेवढ्यात तू बोललीस. हातातून पडली असणार. आणि मला बरं वाटलं."

तिने पदराने हात पुसले.

"लिहिणार आहेस ना हे?"

"हो."

"मग नीट लिही." आणि उठून आत गेली. वाल अर्धे तसेच. मी सोलून ठेवले.

(नीट लिहिलं आहे का, ते तीन वेळा वाचलं. "मग जरा हसू" याबद्दल खात्री नाही. हसू नसेलही.)


मंगळवार, २४ फेब्रुवारी

भाऊंना सांगितलं. गोठ्यात, शेण काढताना. आत्याला न विचारता सांगितलं. ते बरोबर केलं की नाही माहीत नाही. पण तिने सांगू नको असंही म्हटलं नव्हतं.

भाऊ घमेलं उपडं घालून त्यावर बसले. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होते.

"ताई?" एवढंच.

मग म्हणाले, "असं करू. मी सांगतो. पिन मीच काढली होती म्हणतो, ग्रीस लावायला, आणि अंगणात विसरलो. किसन सुटला, ताई सुटली. कुणी टाकली आणि कशाला टाकली, रमेशला त्याचं काय?"

मला पहिल्यांदा इतकं हलकं वाटलं की मी लगेच हो म्हणाले. शिफ्टला जाताना रिक्षात पुढचं सुचलं.

भाऊंनी असं सांगितलं तर रमेश म्हणणार, मग त्या संध्याकाळी गप्प का बसलात? भाऊंकडे उत्तर नाही. आणि भाऊ किसनदादाचे लाड करतात हे पाड्यावर सगळ्यांना माहीत आहे. म्हणतील, ड्रायव्हर पाहिजे, गवत शेतात पडलंय, म्हणून म्हातारा गोष्ट रचून आला. मग किसनदादा आणखीच दारुडा ठरेल, मालकाने झाकलेला.

खरं मात्र पटेल. बाईने गारा थांबवायला लोखंड टाकलं, हे कुणी रचून सांगणार नाही. लाज वाटेल अशी गोष्ट कोण रचतं? आणि वर मथुराकाकीने ठणका ऐकलेला.

म्हणजे किसनदादाला सोडवणारी गोष्ट आणि आत्याला खाली आणणारी गोष्ट एकच आहे. मी दोन्ही बाजूंनी ओढून पाहिलं. वेगळी होत नाही.

आत्याला काय होईल? कुणी वाळीत टाकणार नाही. हसतील. लिंबूमिरच्या परत येतील, "बाईपण टाकते की." पुढच्या वेळी कुणाला साप चावला तर ती रिक्षाच्या आडवी उभी राहील का? राहिली तर कुणी थांबेल का? हे उगाच मोठं करतेय का मी? मला सवय आहे. तरी ती भीती खरी आहे.

आणि किसनदादाची काहीच चूक नाही, असंही नाही. सळई घातली. ओढ्याचा चढ माहीत असून वहिनीला वर बसू दिलं. भाऊ आतून उठले नाहीत. हे सगळं सांगावं लागेल, नुसतं आत्याचं नाही. नाहीतर माझी पुन्हा तीच चूक, एकाच्या गळ्यात सगळं.

रात्री भाऊंना म्हणाले, तुम्ही म्हणता तसं नको. ते म्हणाले, "तुझी आत्या आहे. माझी बहीण आहे." मी म्हणाले, हो.


बुधवार, २५ फेब्रुवारी

दुपारी आभाळ भरून आलं. शिफ्टला निघाले तर वळणावर किसनदादा, ट्रॅक्टरवर ताडपत्री बांधत होता. किल्ली काढून घेतल्यावर बारा दिवसांनी.

"ही कोनी आनली इथं खाली?"

भाऊंनी.

"भाऊनी? न पाय कुठं व्हता भाऊचा, घरी?" दोरीला गाठ मारली. "सायलेन्सरवर डबा घाला कोनी तरी. पानी गेला त म्हातारी कायमची बसंल. मंग विका भंगारात, न पिनंसकट विका."

हे शेवटचं मला होतं.

मी म्हणाले, "किसनदादा, मी चुकीचं सांगितलं. पिन तुमच्या हातून पडलेली नव्हती. तुम्ही यायच्या आधीपासून अंगणात होती."

तो दुसरी गाठ बांधत होता, ती पूर्ण केली.

"मंग? मला कशाला सांगतेस? मला म्हाईत हाय मी काय केला न काय न्हाय. मी पिन टाकली न्हाय. सळई घातली, ती घातली. वनिता बोल्ली बसतंय, मी बोल्लू बस. त्ये माजा." ताडपत्रीवर हात मारून पाणी झटकलं. "माज्या भावाला सांग. मनीषेला न्हेतो मी, न माजा भाऊ दारात जालं ईनत बसतं, मान पन वर करत न्हाय. त्याला सांग."

मी विचारलं, सांगितलं तर भट्टीवर जाणं थांबेल का.

"मुकादमाला शब्द दिला हाय." मग, "भाऊ बोलला जाऊ नको, त बघू." त्याचा भाऊ की माझे भाऊ, ते मी विचारलं नाही.

जाता जाता म्हणाला, "कोनी टाकली व्हती?"

त्याने माझं तोंड पाहिलं. मग विहाराच्या दिशेने पाहिलं, मग आभाळाकडे. कळलं की नाही, सांगता येत नाही. "पाऊस येल," म्हणाला आणि गेला.

रिक्षा चुकली. अर्धा तास उशिरा पोचले, सुपरवायझरने ऐकवलं. ऐकून घेतलं.


गुरुवार, २६ फेब्रुवारी

पाऊस आलाच नाही. नुसतं धुकं, दुपारपर्यंत. समोरचं गोडाऊनही दिसत नव्हतं.

सकाळी आत्याला सांगितलं, मी रमेशदादाला सांगणार आहे. शिफ्ट बदलून घेतलेली नाही, उद्या सकाळीच जाऊन येणार. काय सांगणार तेही म्हणून दाखवलं, तिच्यासमोर उभी राहून, पूर्वी कविता म्हणायचे तशी. गारा पडत होत्या तेव्हा आत्याने पिन अंगणात टाकली. भाऊंनी उठून पाहिलं नाही. किसनदादाने सळई घातली आणि वहिनीला वर बसू दिलं. मी न पाहिलेलं पाहिल्यासारखं सांगितलं. तो प्यायलेला होता असं आमच्या घरात कुणीही पाहिलेलं नाही.

आत्या म्हणाली, "'टाकली' म्हणू नको. त्यांना वाटेल हातातून पडली. 'गारा थांबाव्यात म्हणून फेकली' असं म्हण."

मी म्हणाले, तू ये ना.

"तिथे पंधरा पोरं माझ्या बालवाडीतली आहेत. आता बाप झालेत."

म्हणून तर ये, असं मला म्हणायचं होतं. म्हणाले नाही. तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं असं काहीतरी होतं. घाबरलेली म्हणू की थकलेली, मला ठरवता येत नाही. मी तिच्यावर रागावले आहे, हे मला आज कळलं. आणि ती मला आवडते ते जरासुद्धा कमी झालेलं नाही.

भाऊ दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. रात्री मात्र आईला म्हणाले, "उद्या माझं धोतर नको काढू, पॅंट काढ. चढ आहे पाड्याचा." आई म्हणाली, "गुडघा?" म्हणाले, "राहू दे गुडघा."

आत्या आतून ऐकत होती. थोड्या वेळाने बाहेर येऊन तिने विचारलं, रमेश शुक्रवारी किती वाजता उठतो. कुणालाच माहीत नव्हतं. लूमवरचा माणूस, सुट्टीच्या दिवशी उशिराच उठत असेल, असं आई म्हणाली. आत्याने "बरं" म्हटलं आणि झोपायला गेली. ती येणार आहे, असा याचा अर्थ मी लावत नाही.

उद्या शुक्रवार, २७ फेब्रुवारी. दोघे भाऊ एका अंगणात असतील असा टेम्पोआधीचा शेवटचा दिवस. दूध घालून झालं की निघायचं. आत्या आली तर ती बोलेल. नाही आली तर मी बोलेन.